चेअरमनांची मान

बोरदऱ्याच्या दूध संस्थेला रबरी शिक्का होता, छापील लेटरहेड होतं, नोंदणीचं प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीवर लावलेलं होतं. पण संस्था खरी चालायची ती मोहनरावांच्या मानेवर. मोहनराव चेअरमन. कुणी काही मागितलं की ते मान हलवायचे. तोंडानं ‘हो’ क्वचित, आणि ‘नाही’ तर त्यांनी जन्मात म्हटलेलं नव्हतं. मान हलायची, मागणारा समाधानानं घरी जायचा, आणि काम होवो न होवो, पुढच्या खेपेला पुन्हा मागायला यायचा. सहकार म्हणतात तो हाच.

या मानेचे प्रकार होते. वरून खाली एकदाच आली तर ‘बघू’. दोनदा आली तर ‘बघू, पण औंदा नाही’. डावीकडं जराशी कलली तर ‘सेक्रेटरीला भेटा’. आणि भराभरा हलली तर मागणाऱ्यानं आशा सोडून द्यावी, असा सेक्रेटरी गहिनीनाथचा अनुभव होता. मागणाऱ्यांना हे बारकावे कधी कळले नाहीत. त्यांना मान हलली एवढंच दिसायचं.

ही मान ऐन दुष्काळात धरली.

आदल्या वर्षी पावसानं आष्टी तालुक्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. संक्रांतीलाच विहिरींचे तळ दिसले, आणि शिमग्याच्या सुमाराला संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी घातली. दूध संस्थेत दूध येईनासं झालं म्हणून दूध देणारी जनावरंच संस्थेत आणून बांधली, असं गहिनीनाथ आल्यागेल्याला सांगायचा. चेअरमनांचा फोन दिवस उगवायच्या आत वाजायला लागायचा. चाऱ्याचा ट्रक घाटात बंद पडलाय. टँकर भलत्याच गावाला जाऊन रिकामा झालाय. तालुक्याच्या साहेबांना जनावरांचे फोटो पाहिजेत, आणि कालच्या फोटोत एका बैलानं डोळे मिटलेत, तो फोटो चालत नाही. मोहनराव मोटारसायकलवर. दोन्ही हात हँडलला, फोन उजवा खांदा आणि उजवा कान यांच्या बेचक्यात दाबलेला. होळीपासून पाडव्यापर्यंत त्यांनी दुष्काळाला असं वाकड्या मानेनं तोंड दिलं. मग एका सकाळी फोन खिशात ठेवला, तरी मान खांद्यावरच राहिली.

गावातल्या डॉक्टरनं कंबरेत इंजेक्शनं दिली. “मान दुखायलीय तर कंबरेत कावून?” असं मोहनरावांच्या बायकोनं, छबुबाईंनी विचारलं, तेव्हा औषध वर चढतं असं उत्तर मिळालं. ते चढायची वाट पाहून झाली. विटकर तापवून शेकून झालं, निरगुडीचा पाला बांधून झाला. शेवटी आष्टीच्या एका सलूनात दाढी करता करता कारागीर म्हणाला, “चेअरमन, अंग सैल सोडा,” आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरून एक झटका दिला. कडकन आवाज झाला. मान सरळ झाली. इतकी सरळ झाली की पुन्हा ती कुणीकडंच वळेना, वाकेना, हलेना. जरा हलवायला जावं तर खांद्यातून कळ निघायची ती कानामागून थेट डोळ्यात.

ताटात काय वाढलंय ते मोहनरावांना दिसेना. छबुबाईंनी सलग तीन जेवणं पिठलंच वाढलं, तरी घरात शांतता होती.

अशा अवस्थेत ते छावणीत उभे असताना बायनाबाई आली. बायनाबाईची एकच म्हैस, आणि ती गाभण. माळावर दाट सावलीची कडुलिंबाची झाडं मोजकीच. बाकी जनावरांच्या डोक्यावर हिरवी जाळी, जिच्यातून ऊन गाळून, पण पुरतं खाली यायचं.

“चेअरमन,” बायनाबाई म्हणाली, “मपली म्हस उनात धापा टाकायलीय. पोटुशी हाय. लिंबाखाली जागा द्या तिला.”

हीच जागा मोहनरावांनी निम्म्या गावाला मान हलवून दिलेली होती. प्रत्यक्षात तिथं त्यांच्या मेव्हण्याची, सिदूची जनावरं रवंथ करत बसलेली होती. सवयीनं त्यांनी मान हलवायला घेतली. कळ आली. मान जागची हलली नाही, डोळ्यांतून मात्र पाणी आलं. बायनाबाई थांबली. चेअरमन सरळ समोर पाहत उभे, डोळे भरलेले, तोंडातून शब्द नाही. ती आणखी थोडी थांबली, मग पदर तोंडाला लावून परतली.

दिवस मावळायच्या आत गावभर झालं. “बायांनो, चेअरमन बदलला,” बायनाबाई हापशावर सांगत होती. “मान हलवली न्हाई. खोटी आशा लावली न्हाई. उलट डोळ्यात पानी आलं मानसाच्या.”

दुसऱ्या दिवसापासून लोक मुद्दाम काहीतरी मागायला यायला लागले. मागायचे आणि मान हलते का बघायचे. हलत नव्हती. लोक भारावून परत जायचे. एवढ्या वर्षांत चेअरमननं आपल्याला पहिल्यांदाच फसवलं नाही, याचा आनंद काम न झाल्याच्या दुःखापेक्षा मोठा होता.

आणि संस्थेची निवडणूक महिन्यावर आली होती. विरोधी पॅनलचा पुढारी बद्रीनाथ हा तरुण, उत्साही गृहस्थ. त्याचं सगळं भाषण मोहनरावांच्या मानेवर बेतलेलं होतं. भर सभेत तो मान डोलवून चेअरमनची नक्कल करायचा आणि माणसं पोट धरून हसायची. आता त्यानं नक्कल केली की माणसं गंभीर व्हायची. एक म्हातारा तर उठून म्हणाला, “तुझीच मान लई हलायलीय बे. बस खाली.”

गहिनीनाथनं गावातून एक फेरी मारली, हिशेब केला आणि थेट मोहनरावांच्या ओट्यावर आला.

“साहेब, पॅनल येतंय. फकस्त एक करा.”

“काय?”

“मान नीट करू नका.”

मोहनरावांनी त्याच्याकडं बघायला सबंध अंग वळवलं. “गहिनीनाथ, मला कूस बदलता येईना.”

“मतदानापस्तोर. मग कुठं दाखवायची तिथं दाखवा. पुन्याला न्हेतो.”

छबुबाई आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, “भाऊजी, कण्हनं तुमाला ऐकू येतं का? न्हाई ना? तुमच्या घरला न्हेऊन निजवा यांना, मग बोला.”

गहिनीनाथनं मतांची बाजू लावून धरली, छबुबाईंनी झोपेची. मोहनरावांना दोन्ही बाजू पटत होत्या. पण मान हलवता येत नसल्यानं ते कुणालाच तसं सांगू शकले नाहीत. खुर्ची पाहिजे होती आणि मानही पाहिजे होती. ही दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर राहीनात, अशी ती अडचण होती.

शेवटी छबुबाईंनी लुगड्याच्या खरेदीचं निमित्त केलं आणि नवऱ्याला आष्टीला नेलं. एस.टी. स्टँडाजवळ खताच्या दुकानाच्या माडीवर डॉक्टर मुक्ताचा दवाखाना होता. मुक्ता बोरदऱ्याचीच, रिटायर कंडक्टर आश्रुबाची लेक. पुण्याला फिजिओथेरपी शिकून ती परत आली, तेव्हा गावानं ‘मालिशवाली डॉक्टर’ म्हणून तिची एका वाक्यात वासलात लावली होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, कोपऱ्यात मणक्यांचा एक सांगाडा. पडद्यापलीकडच्या खाटेवर आधीच कुणीतरी पालथं पडलेलं होतं.

“या काका,” मुक्ता म्हणाली. “पायरी बघून. बघता येत नसंल तर काकू सांगतील.”

तिनं मोहनरावांना स्टुलावर बसवलं, हात वर करायला लावले, मान कुठवर जाते ते पाहिलं. ती कुठंच जात नव्हती. मग तिनं उजव्या खांद्यावरून बोट फिरवलं आणि एका जागी दाबलं.

“मेलो!” मोहनराव म्हणाले.

“कुठं दुखलं?”

“डोळ्यात. दाबती खांद्यात आन दुखतंय डोळ्यात. ही काय भानगड?”

“हीच ती जागा. स्नायूचे दोरे इथं आवळून बसलेत, सुटायचं विसरलेत. म्हणून इथली कळ तिथं जाते. हाडाचं काही दिसत नाही. फोन असा धरत होता ना?” तिनं खांदा उचलून दाखवला.

“तुला कुनी सांगितलं?”

“तुमच्या खांद्यानं. आता इथं सुई घालायची.”

इंजेक्शनाचं मोहनरावांना भय नव्हतं. त्यांनी शर्ट उतरवला. मुक्तानं पाकीट फोडलं. आतून निघाली ती केसासारखी बारीक, लवचीक सुई. मागं नळी नाही, बाटली नाही, काही नाही.

“औषध कुठाय?”

“औषध नाही काका. ही कोरडीच सुई असते.”

कॅनॉल कोरडा, टँकर कोरडा, आता सुईपण कोरडी. सहकारात आयुष्य गेलेल्या माणसाला अशा वेळी एकच शंका येते. त्यांनी आवाज खाली आणला.

“पोरी, घरचा मानूस समजून सांग. औषध वरूनच आलं न्हाई का?”

“वरून म्हणजे?”

“जिल्ह्यावरून. मधी कुनी खाल्लं असंल तर मला नाव सांग. मी बोलतो.”

“काका, यात औषध असतंच नाही! सुई गाठीपर्यंत गेली की स्नायू दचकतो, एक उडी मारतो आणि मग सैल पडतो.”

“नुसतं टोचल्यानं?”

“नुसतं टोचल्यानं.”

“बद्रीनाथ मला पाच वर्सं टोचायलाय. मी कधी सैल पडलो न्हाई.”

“त्याला जागा माहीत नसंल,” मुक्ता म्हणाली. “हे बघा, खोटं सांगत नाही. कुणाला लगेच फरक पडतो, कुणाला दोन-तीनदा यावं लागतं. उद्या खांदा ठणकंल, घाबरू नका. आणि नुसत्या सुईनं भागत नाही. मानेचा व्यायाम सांगते, तो करायचा. फोन हातात धरायचा. नाहीतर गाठ पुन्हा आवळते.”

पडद्यापलीकडून आवाज आला, “टोचून घ्या चेअरमन. आमी घेतलीय.”

“कोन हाय ते?”

“चतुराबाई. उसाच्या मोळ्या वाहून वाहून मान गेलती. कारखान्यावरून आले ती अशीच लाकडावानी. आता पानी आनते डोक्यावर.”

“डोक्यावर आणू नको म्हणून सांगितलंय,” मुक्ता म्हणाली.

“मंग काय खिशात आनू?”

मोहनराव पालथे झोपले. मुक्तानं स्पिरिटचा बोळा फिरवला, खांद्याचं मांस चिमटीत उचलून धरलं आणि सुई आत गेली. आधी काहीच कळलं नाही. मग तिनं सुई जराशी खालीवर केली आणि खांद्यातल्या खांद्यात काहीतरी पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखं तडफडलं. मोहनरावांनी आईचं नाव घेतलं. पुन्हा एकदा तडफडलं. मग एक दाट, जुनं दुखणं हळूहळू वर आलं, डोळ्यापर्यंत गेलं, आणि तिथून, कुणाचा निरोप न घेता, निघून गेलं.

“आता उठा. सावकाश. उजवीकडं बघा.”

मोहनरावांनी बघितलं. पुरती नाही, पण मान वळली. पडदा सरकवून चतुराबाई खाटेवर बसलेली होती. तिनं दोन्ही हात जोडले.

“जयभीम चेअरमन. आज दिसलो व्हय आमी?”

“जयभीम,” मोहनराव म्हणाले. त्यांनी शर्ट घातला.

गावाच्या वेशीत गहिनीनाथ मोटारसायकल आडवी लावून उभा होता. मोहनरावांनी त्याच्याकडं मान वळवून पाहिलं आणि छावणीला आग लागल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

“हलतीय?”

“हलतीय.”

“कुनी बगितलं का?”

“चतुराबाईनं.”

“ती मेंबर न्हाई. जमलं.” त्यानं चहूकडं पाहिलं. “साहेब, घरात हलवा. दार लावून हलवा. चौकात न्हाई.”

मग मोहनराव चौकात मान धरायला लागले. अगोदर ती आपोआप धरलेली होती, आता हातानं धरल्यासारखी धरावी लागत होती. लोक मागायचे, मोहनराव समोरच्या खांबाकडं बघायचे. डोळ्यांत पाणी आता येत नसे, तेवढं गहिनीनाथला खटकायचं. त्यानं कांदा सुचवून पाहिला. सकाळभर असं उभं राहिलं की दुपारपासून खांदा दगड व्हायचा आणि रात्री पुन्हा तेच कण्हणं. आठवड्याच्या आत छबुबाईंनी दुसरं लुगडं घ्यायला काढलं.

मुक्तानं खांदा चाचपला आणि भुवया वर केल्या. “काका, ही जशीच्या तशी आवळली. फोन?”

“फोन हातातच धरतो. आईशप्पत.”

“व्यायाम?”

“करतो. दार लावून.”

“दार लावून कशाला?”

छबुबाई बोलल्या. “मुद्दाम ताठ धरत्यात गं बाई. मतासाठी. मान हलली न्हाई की मत पडतं म्हनं.”

मुक्तानं हातातलं सुईचं पाकीट परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. “मग मी कशाला टोचू? मी सोडवायची, तुम्ही आवळायची. असल्या कामाला काय म्हणतात ते तुम्हालाच माहीत, तुम्ही संस्थेत आहात.”

“पोरी, मतदानापस्तोर—”

“मतदान झालं की या.”

“मला निजता येईना.”

“मग हलवा की मान!”

“हलवली की हो होतं!” मोहनराव कळवळून म्हणाले. “तुला कळत न्हाई. मान हलली की गावाला हो ऐकू येतं. आन हो म्हनायला संस्थेत आता काय उरलंय? चारा पुरंना, पानी पुरंना, लिंबं काय मी वाढवू?”

“तर मग नाही म्हणा.”

“कशानं?”

“तोंडानं.”

मोहनराव कोपऱ्यातल्या सांगाड्याकडं बघत राहिले. पंचवीस वर्षांच्या राजकारणात हा उपाय त्यांना कुणी सुचवलेला नव्हता. मग त्यांनी विचारलं, “चेअरमनला चालतं व्हय तसं?”

“ते मी शिकले नाही काका. मी मानेपुरतं शिकले. बोलून दाखवणार असाल तर टोचते.”

त्यांनी कबूल केलं, म्हणून तिनं टोचली.

घरी छबुबाईंनी तालीम घ्यायला सुरुवात केली. मुक्तानं सांगितलेला व्यायाम आधी: हनुवटी आत, मान मागं, सावकाश डावीकडं, सावकाश उजवीकडं. मग दुसरा.

“च्या घेता?”

“हां.”

“न्हाई म्हना.”

“अगं पन मला पायजे.”

“पायजे त्याला तर न्हाई म्हनायला शिकायचंय. च्या घेता?”

“न्हाई,” मोहनराव क्षीण आवाजात म्हणाले. छबुबाई कप घेऊन आत गेल्या आणि तो चहा स्वतः प्यायल्या. मोहनरावांना पहिल्यांदाच कळलं की हा शब्द उच्चारला की खरोखर काहीतरी होतं.

मतदानाला चार दिवस उरले असताना छावणीत सभा भरली. लिंबाखाली सतरंजी, पुढं माणसं, मागं जनावरं. बद्रीनाथही येऊन बसला होता. सभासद होता, त्याला हक्क होता. गहिनीनाथ चेअरमनांच्या पाठीशी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “खांबाकडं बघायचं. खांब न्हाई हितं. त्या बैलाकडं बघा.”

बायनाबाई उठली. “चेअरमन, मागं एकदा बोलले हुते. तवा तुमच्या डोळ्यात पानी आलतं. मपली म्हस आता दिवसात आलीय. लिंबाखाली जागा मिळंल का न्हाई?”

सगळी सभा मानेकडं बघायला लागली.

मोहनरावांनी मान उजवीकडं वळवली. तिकडं सिदूची जनावरं गार सावलीत बसली होती. मग डावीकडं वळवली. तिकडं हिरव्या जाळीखाली बायनाबाईची म्हैस जीभ काढून उभी होती. सभेतून सुस्कारा आला.

“हलली!” कुणीतरी म्हणालं.

“गेलं मंग,” बायनाबाई म्हणाली आणि खाली बसायला लागली. “आता काय मिळत न्हाई.”

“बायनाबाई, हुब्या ऱ्हावा,” मोहनराव म्हणाले. त्यांनी हनुवटी आत घेतली, मान मागं नेली, व्यायामात होती तशी. “न्हाई.”

“काय न्हाई?”

“लिंबाखाली समद्यांना जागा न्हाई. मी निम्म्या गावाला हो म्हनलो, ते खोटं हुतं. हितं मपल्या मेव्हन्याची जनावरं हायेत. ती उद्या निघतील. हितून पुढं फकस्त गाभन जनावरं बांधायची, आन तीबी पाळीनं. तुमची म्हस दुपारपस्तोर. दुपारून दुसऱ्याची.”

“दाजी!” सिदू मागून ओरडला. “दाजी, असं कुटं असतंय का?”

“न्हाई,” मोहनराव म्हणाले. हे त्याला उत्तर होतं की नुसतीच गती आली होती, ते सांगता येत नाही; कारण त्यानंतर त्यांना थांबवता आलं नाही. कुणी विचारलं, उद्या चाऱ्याचा ट्रक येणार का. न्हाई. परवा? म्हाईत न्हाई. दूध थंड ठेवायची मोठी टाकी संस्थेला औंदा मिळंल असं तुम्ही म्हणाला होता. न्हाई, म्हनलो हुतो, मिळत न्हाई. पाऊस पडेपर्यंत छावणी चालंल ना? ते मी कसं सांगू, सरकारनं बंद करा म्हटलं तर न्हाई चालनार. गहिनीनाथ हळूहळू खाली बसला, आणि बैलाकडं आता तोच बघत होता.

बद्रीनाथ उठला. त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्या भाषणात मोहनराव अजून मान डोलवत होते, आणि इथं तर माणूस सरळ बोलत होता. त्यानं घसा खाकरला आणि विचारलं, “म्हंजे तुमी काहीच करनार न्हाई?”

“करनार की. सावलीची पाळी लावनार. सांगितली ती.”

सभा मोडली. माणसं आपापल्या घरी गेली.

खोटं ‘हो’ गावाला वर्षानुवर्षं चाललं होतं. हलता न येणारी मान तर गावाला फारच आवडली होती, कारण तिच्यात ज्याला जे पाहिजे ते ऐकू यायचं. पण तोंडानं, सगळ्यांदेखत, स्पष्ट शब्दांत ‘नाही’, हा प्रकार सहकारात नवीन होता. दुसऱ्या दिवशी सिदूची जनावरं निघाली, आणि सिदूच्या भावकीची मतं त्यांच्या मागोमाग निघाली. लिंबाखाली गाभण म्हशी पाळीनं बसायला लागल्या. ज्यांची पाळी सकाळची होती ते म्हणायचे, दुपारची पाहिजे होती. ज्यांची दुपारची होती ते म्हणायचे, सकाळची.

मतदानादिवशी बायनाबाई संस्थेच्या दारात भेटली. “मत तुमालाच दिलं,” ती म्हणाली. “पन समद्यांदेखत न्हाई म्हनायची काय गरज हुती? कानात म्हनायचं.”

“म्हस कशी हाय?”

“बरी हाय. सावलीला बसती.”

मतमोजणी संस्थेच्या आवारात जेवणवेळेच्या पुढं सुरू झाली. मोहनराव थोडा वेळ खुर्चीत बसले. उमेदवारानं मोजणीला थांबायचं असतं, पण ऊन फार होतं, आणि मधल्या दोन रात्री प्रचारात गेल्या होत्या. ते उठले, गहिनीनाथला म्हणाले, “तू बघ,” आणि घरी आले. ओट्यावर खाट होती. ते तिच्यावर आडवे झाले, उजव्या कुशीवर, ज्या कुशीवर त्यांना पाडव्यापासून निजता आलं नव्हतं. छबुबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या तेव्हा नवऱ्याचे डोळे मिटलेले होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला, तोही आवाज न करता.

दिवस कलायला लागल्यावर गहिनीनाथ पळत आला. धापा टाकत त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात छबुबाईंनी ओठावर बोट ठेवलं.

“निजलेत.”

“वैनी, निकाल—”

“हळू. आले का पडले?”

“पडले,” गहिनीनाथ कुजबुजला. “समदं पॅनल पडलं. दोन-चार मतांनी.”

“मग निजू द्या.”

“आन आलो असतो तर?”

“तरी निजूच दिलं असतं. बसा. पानी प्या.”

गहिनीनाथ पायरीवर बसला. खाटेवरून कण्हण्याचा आवाज येत नाही, हे त्याच्या आता लक्षात आलं. तो ऐकत राहिला.

मग हलगी ऐकू यायला लागली. बद्रीनाथची मिरवणूक वेशीकडून निघाली होती आणि वाट इथूनच होती. गुलालानं माखलेली माणसं, पुढं हलगी कडाडतेय, एकाच्या हातात फटाक्यांची माळ. पडलेल्या उमेदवाराच्या दारासमोर हलगी जरा जास्त वेळ वाजवायची, अशी गावाची रीतच होती. मिरवणूक वळणावर आली तशा छबुबाई ओट्यावरून खाली उतरल्या आणि भर रस्त्यात जाऊन उभ्या राहिल्या. एक बोट ओठावर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं खाटेकडं दाखवलं.

हलगीवाल्याचा हात वरच्या वर थांबला. मागची माणसं पुढच्यांवर आदळली. “काय झालं बे?” कुणीतरी विचारलं. “चेअरमन निजलेत,” पुढच्यानं मागं सांगितलं, आणि ते तसंच मागच्या मागं शेवटपर्यंत गेलं. फटाक्यांची माळ पेटवायला निघालेल्या माणसानं काडी फुंकून विझवली. बद्रीनाथनं खाटेकडं पाहिलं. मोहनरावांचं तोंड किंचित उघडं होतं, मान उशीवर सैल पडली होती. त्यानं गळ्यातला हार आवाज होऊ नये म्हणून हातात धरला आणि पायातल्या चपला काढल्या.

बोरदऱ्याच्या नव्या चेअरमनची विजयाची मिरवणूक त्या घरासमोरून अनवाणी, एकामागून एक, गुपचूप गेली. मधूनच कुणीतरी चिमूटभर गुलाल उडवायचा, तोही हळूच. देवळाच्या कोपऱ्यावर शेवटचा माणूस वळला, चपला घालायला सगळे थांबले, आणि मग तिकडं हलगी पुन्हा कडाडली.

मोहनराव जागे झाले नाहीत. त्यांनी झोपेतच मान उजवीकडची डावीकडं केली आणि घोरायला लागले.